शुक्रवारची लाली

चाचांचा डावा हात मी नीट असा दोनदाच पाहिला. एरवी तो कायम कुडत्याच्या खिशात. उजव्या हाताने अँप, म्हणजे आवाजाचा ॲम्प्लिफायर, उघडायचे, उजव्याच हाताने मीटरची तार लावायचे, चहासुद्धा एकाच हाताने, बशीत ओतायचा प्रकार नाही. शिरवण्याच्या बाजारात काही लोकांना वाटायचं की माणूस गर्विष्ठ आहे, उभं राहायची पद्धत बघा. काहींना वाटायचं की डाव्या हाताला काहीतरी झालेलं आहे. खरं कारण साधं होतं. वॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या जुन्या अँपमध्ये चारशे-पाचशे व्होल्ट फिरत असतात. दोन्ही हात आत घातले आणि चुकलं, तर करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडतो. म्हणून एक हात खिशात. ही सवय इतकी मुरली होती की मशीद सोडल्यास तो हात बाहेर येतच नसेल, असं आम्ही म्हणायचो.

आम्ही म्हणजे ऑर्केस्ट्रावाले. नव्वदच्या दशकात नेरूळपासून पनवेलपर्यंत जितके ऑर्केस्ट्रे होते, त्यांच्यापैकी प्रत्येकाचा एकदा तरी चाचांच्या ओटीवर मुक्काम झालेला. मी दिवसा, म्हणजे पाळी असेल तेव्हा, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत पॅकिंगला होतो आणि उरलेल्या वेळात भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचो. उरलेला वेळ हा शब्द मी सवयीने लिहिला. तसा काही वेळ उरत नव्हता. त्या वर्षांची आठवण काढली की मला आधी गाणी आठवत नाहीत, झोप आठवते. बसमध्ये, कॅन्टीनच्या बाकावर, स्टेजमागे स्पीकरच्या खोक्याला टेकून, जिथे मिळेल तिथे घेतलेली.

चाचा मूळचे मुरूडकडचे. त्यांच्या घरातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जहाजावर. वडील, काका, दोन्ही भाऊ. चाचा एकटेच जमिनीवर राहिले. कोणी विचारलं तर म्हणायचे, "मला पानी मानवत नाय." रेडिओचं काम त्यांनी मुंबईत एका दुकानात शिकून घेतलं आणि लग्नानंतर शिरवण्याला येऊन बसले. घराच्या ओटीवरच दुकान. तपकिरी रंगाचा पत्र्याचा बोर्ड, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'रेडिओ, टेप, वॉल्व्ह अँप'. नाव नाही. नावाची गरजही नव्हती, रिक्षावाल्याला 'रेडिओवाले चाचा' म्हटलं की पुरे.

त्यांच्याकडे गेल्यावर पहिली परीक्षा गिऱ्हाइकाची. तुम्ही अँप खाली ठेवून "चाचा, आवाज फाटतोय" म्हणालात की ते हात वर करायचे. अर्थात उजवा.

"काय बिघडला ते सांगू नको. ते मी बघतो. तू शेवटी काय केलास ते सांग."

"काही नाही केलं चाचा, आपोआप..."

"आपोआप केस पिकतात. अँप आपोआप बिगडत नाय. मानूस बिगाड सांगताना नेमकी आपली चूक गाळतो."

मग हळूहळू बाहेर यायचं, की स्पीकरची वायर न लावताच चालू केला होता, किंवा फ्यूज उडाला म्हणून सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवली होती. चाचा ऐकून घ्यायचे. रागवायचे नाहीत. सगळं ऐकून झालं की मगच स्क्रू ड्रायव्हर हातात.

माझा अँप विलायती होता. मुंबईच्या एका हॉटेलात बेस वाजवणाऱ्या म्हाताऱ्याने गाशा गुंडाळला तेव्हा त्याच्याकडून घेतलेला. चार मोठे वॉल्व्ह, आणि वजन असं की उचलायला दोन माणसं लागायची आणि दुसऱ्या दिवशी दोघांचीही कंबर धरायची. पण आवाज! तो सुरू झाला की पोटात वाजायचा. चाचांना तो अँप आवडायचा, मी आवडायचो की नाही ते सांगता येत नाही. मला ते 'बेसवाल्या' म्हणायचे. "तुजा बाजा कोनाला आयकू येत नाय. बंद पडला की मग समदे विचारतात, गान्याला काय झाला?"

बायस म्हणजे काय, हे त्यांनीच मला समजावलं. मी विचारलं नव्हतं. त्यांच्याकडे बसलात की तुम्हाला समजावून घ्यावंच लागायचं.

"वॉल्व्ह मंजे बैल. बायस मंजे त्याची वेसन. जास्त खेचली तर बैल चालत नाय, आवाज सुका येतो. ढिली सोडली तर काय झकास पळतो! गोड गातो. आन गाता गाता जळतो."

वेसण सुटली की वॉल्व्हच्या काचेच्या आतली करडी प्लेट लाल होऊ लागते. आधी अगदी मंद, कोळशावरची राख फुंकल्यावर दिसतं तशी. अंधार केल्याशिवाय दिसतही नाही. याला चाचा 'लाली' म्हणायचे. लाली आली आणि वेळेत स्विच बंद केला नाही, तर वॉल्व्ह तर जातोच, जाताना आतला ट्रान्सफॉर्मरही जाळून जातो.

आता त्यांची खरी खोड. बायस लावून दिला की अँप लगेच मिळायचा नाही. शुक्रवार जावा लागायचा. शनिवारी दिलात तरी शुक्रवार, गुरुवारी दिलात तरी शुक्रवार. नव्या माणसाला वाटायचं, धर्माचं काहीतरी असेल. त्यातून चाचा आतल्या काही तारांना दोऱ्याच्या गाठी मारून ठेवायचे. त्यामुळे बाजारात बोलवा होती की ते अँपला तावीज बांधतात. एका ऑर्केस्ट्राचा मालक तर ते अभिमानाने सांगायचा. चाचांनी कधी खुलासा केला नाही.

शुक्रवारचं कारण मात्र ते सांगायचे. आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी. सहा दिवस मशिनं लाइन ओढून घेत आणि गावात बल्ब पिवळे जळत. शुक्रवारी मशिनं बंद, की व्होल्टेज सरसर वर. त्या दिवशी शिरवण्यातले बल्बसुद्धा पांढरे दिसायचे. "कामाच्या दिवशी लावलेला बायस सुट्टीच्या दिवशी टिकला, तर तो बायस. नायतर काय, उपाशी बैल कोन पन आवरील."

तर शुक्रवारी दुपारी साडेबाराला ओटीच्या खिडक्यांना गोणपाट लावून अंधार करायचा, अँप पूर्ण आवाजावर जोडून चालू करायचा, आणि समोरच्या स्टुलावर गिऱ्हाइकाला बसवायचं. मालकालाच, नोकर-बिकर चालत नसे. मीटर एकच, वॉल्व्ह चार, आणि काही बिघाड असे की तापल्यावर पाच सेकंद डोकं काढून परत लपणारे. म्हणून कोणीतरी डोळ्यांत तेल घालून बसायला हवं. चाचा पाण्याने हात धुऊन, टोपी घालून जुम्म्याच्या नमाजला निघून जायचे. तासाभराने परत आले की दारातूनच विचारायचे, "लाली आली?"

तुम्ही हो म्हणालात, की कुठल्या वॉल्व्हला, किती वेळाने, किती वेळ. नाही म्हणालात, की चाची आतून नखांना लावायच्या रंगाची बाटली आणून द्यायची. बायसच्या स्क्रूवर चाचा त्याचा एक थेंब सोडायचे, म्हणजे गाडीत हादरे बसून स्क्रू फिरत नाही. तो थेंब वाळला, की अँप तुमचा. त्या थेंबावर नवी मुंबईतल्या कुठल्याही वादकाने डोळे मिटून विश्वास ठेवावा.

मी नेमके डोळे मिटले.

एप्रिल होता. जयंतीचे कार्यक्रम एकामागून एक. आमच्या अँपमधून मधूनच खरखर यायची आणि थांबायची, म्हणून मी तो सोमवारी चाचांकडे टाकला. चाचांनी एक कंडेन्सर बदलला, बायस लावला आणि शुक्रवारी बोलावलं. शनिवारी संध्याकाळी नावड्याला कॉलनीच्या मैदानात मोठा कार्यक्रम होता. त्या आठवड्यात मला तिसरी पाळी होती. शुक्रवारी सकाळी सातला सुटलो, घरी जाऊन पाणी भरलं, मुलीला दवाखान्यात नेलं आणि साडेबाराला शिरवण्याला स्टुलावर येऊन बसलो. सलग तीस तास जागा होतो मी. हे मी सबब म्हणून सांगत नाही. सबब म्हणून मी ते स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे.

गोणपाटाचा अंधार, चार वॉल्व्हचा केशरी उजेड, अँपची ऊब आणि एका सुरातली गुणगुण. पाळण्यात घालून जोजवल्यासारखंच की ते. पहिली दहा मिनिटं मी बघितली. पुढे काय झालं ते मला माहीत नाही. चपलांचा आवाज आला तेव्हा माझी हनुवटी छातीवर होती आणि लाळ शर्टावर.

"लाली आली?"

खरं बोललो असतो तर काय झालं असतं? पुढचा शुक्रवार. म्हणजे नावड्याच्या स्टेजवर बेस नाही, आणि आमचे मास्तर, म्हणजे ऑर्केस्ट्राचे मालक, दुसरा बेसवाला बघायला तयारच होते. शिवाय लाज. एवढ्या मोठ्या माणसाने एवढंच काम सांगितलं होतं, समोर बघत बस.

"नाही चाचा," मी म्हणालो.

चाचांनी थेंब सोडला.

नावड्याला तिसऱ्या गाण्यात बेसचा आवाज अचानक इतका गोड झाला की मास्तरांनी हार्मोनियमवरून मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्यानंतर जळका वास आला. मग धूर. मग सगळी लाइनच गेली, आणि हजारेक माणसं अंधारात शिट्ट्या मारत बसली. गाणं बाबासाहेबांवरचं होतं, अर्ध्यात तुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर, मी आणि ढोलकीवाला टेंपोत अँप घालून शिरवण्याला. मास्तर पायरीवरूनच सुरू झाले.

"जयंतीच्या स्टेजवर नाक कापलंत चाचा आमचं! येवढा टाइम घेता, शुक्रवार पायजे, अंधार पायजे, तावीज बांधता, आन शेवटी हे? लोकांनी खुर्च्या फेकल्या असत्या!"

बाजार गोळा झाला. चाचांनी पुढे होऊन अँप उघडला, वाकून वास घेतला, ट्रान्सफॉर्मरवर तळवा ठेवला. मग माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं, "लाली नव्हती ना आली?"

तीच वेळ होती. मास्तर बघत होते, ढोलकीवाला बघत होता, अख्खी गल्ली बघत होती.

"नाही," मी दुसऱ्यांदा म्हणालो.

"मग माज्या हाताची चूक हाय," चाचा मास्तरांना म्हणाले. "माफ करा. यापुढं वॉल्व्हचा काम मी घेनार नाय."

आणि त्यांनी खरोखरच त्याच दिवशी शिडी लावली. डाव्या हातात डबा, उजव्यात ब्रश. त्यांचा डावा हात मी नीट पाहिला, तो तेव्हा पहिल्यांदा. चांगला धडधाकट हात होता. बोर्डावरच्या 'वॉल्व्ह अँप' या शब्दांवर त्यांनी रंग फासला. तपकिरी बोर्डावर चांगला हिरवा पट्टा उठला. ढोलकीवाला मला म्हणाला, "म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, कुठला रंग मारतोय बघ." मी ऐकलं आणि सोडून दिलं. मला तिथून निघायचं होतं.

मास्तरांनी नवा ट्रान्झिस्टरचा अँप आणला. हलका, एका माणसाने उचलावा असा. त्याला बायस नको, शुक्रवार नको. माझी जागा टिकली. जळका विलायती अँप माझ्या खाटेखाली गेला, बायकोने त्यावर चादर टाकून तांदळाचा डबा ठेवला. शिरवण्यावरून जायचं झालं तर मी मागच्या रस्त्याने जायचो. चाचा आता टेपरेकॉर्डर आणि टेबलफॅन दुरुस्त करतात, असं कानावर यायचं. कोणी वॉल्व्हचा अँप घेऊन गेलंच तर म्हणतात, "हात राहिला नाय."

अशी दोन वर्षं गेली. मग आमची कंपनी बंद पडली. गेटवर कुलूप, आम्ही बाहेर. घरी बसून मला पहिल्यांदा पोटभर झोप मिळायला लागली, आणि झोप पुरी झाली तशी ती दुपार उघड्या डोळ्यांसमोर यायला लागली. दमलेला माणूस पुष्कळ गोष्टी विसरू शकतो. माझी ती सोय गेली.

एका सकाळी गेलो. चाचा पंख्याची जाळी काढत होते. मी बसलो नाही. म्हणालो, "चाचा, त्या शुक्रवारी मी झोपलो होतो. लाली आली की नाही मला माहीत नाही. मी खोटं बोललो. दोनदा."

त्यांनी जाळी खाली ठेवली. डावा हात खिशातून काढला आणि माझ्या कानाखाली मारली. फार जोरात नाही, पण त्या हाताला सवय नसावी, बोटं कानावर लागली. आत चाचीच्या भांड्यांचा आवाज थांबला.

मग ते स्टुलावर बसले.

"दोन वरसं," ते म्हणाले, "दोन वरसं मी तुजा अँप डोक्यात उघडून बघतोय. एकेक टाका. कंडेन्सर उलटा लावला काय, मीटर चुकीचा वाचला काय. हातावर शक घेतला रे मी. डोळे तुजे होते, ते इसरलोच."

मी म्हणालो, "तुम्ही स्वतः का नाही बसलात चाचा? निदान परत आल्यावर एकदा बघायचं."

"मला दिसत नाय ती," चाचा म्हणाले. "लाली. लालच दिसत नाय. जनमापासून."

आणि मग त्यांनी सांगितलं. जहाजावर रेडिओच्या कामाला लागणार होते, सगळं ठरलेलं. डॉक्टरने रंगीत ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं. बाकीच्या पोरांनी धडाधड आकडे सांगितले, यांना पानभर ठिपके आणि आकडा एकही नाही. पाणी मानवत नाही, ही त्यानंतर बनवलेली गोष्ट. तारांच्या गाठी तावीज नव्हत्या. लाल तारेला एक गाठ, हिरवीला दोन. रेझिस्टन्सवरचे माप सांगणारे रंगीत पट्टे कधी वाचायचे नाहीत, प्रत्येक तुकडा मीटरवर मोजायचा. "ज्याला लाल तार कळत नाय, त्याच्याकडं करंटचा काम कोन देनार? म्हनून बोललो नाय. सगळा मापून होता. एक लालीच मापता येत नाय. ती दुसऱ्याला विचारावी लागते."

बाहेर पायरीवरून मी वर बघितलं. बोर्डावर तो हिरवा पट्टा तसाच होता. त्यांच्या लेखी त्यांनी तपकिरीवर तपकिरी फासला होता, आणि दोन वर्षांत त्यांना कोणीही सांगितलं नव्हतं. मला स्वतःची जितकी शरम त्या क्षणी वाटली तितकी नावड्यालाही वाटली नव्हती.

"अँप घेऊन ये," चाचा आतून म्हणाले.

ट्रान्सफॉर्मर त्यांनी हातानेच गुंडाळला, तोही उजव्या. केसासारखी तार, हजारो वेढे, रोज थोडे थोडे. मी शेजारी बसून रीळ धरायचो आणि वेढे मोजायचो. माझ्याकडे आता वेळच वेळ होता. जळलेला वॉल्व्ह बदलला, बायस लावला आणि शुक्रवार उजाडला.

गोणपाट लावलं. मी स्टुलावर बसलो. चाचांनी हात धुतले, टोपी घातली, दारापर्यंत गेले आणि वळले.

"झोप आली तर स्विच बंद कर आन झोप. झोपन्यात गुना नाय."

मी झोपलो नाही. पापणी लवली तरी भीती वाटायची. वीस मिनिटं काही नाही. मग तिसऱ्या वॉल्व्हच्या प्लेटवर डाव्या कडेला एक डाग दिसला, आहे की नाही असा, आणि बघता बघता पसरायला लागला. मी स्विच बंद केला.

"लाली आली?" दारातून प्रश्न.

"आली चाचा. तिसऱ्याला. एकविसाव्या मिनिटाला. डाव्या बाजूने."

चाचा टोपी न काढताच खाली बसले. तिसऱ्या वॉल्व्हचा सॉकेट उलटा केला आणि सुईने एकेक भोक दाबून बघितलं. एक पट्टी सैल होती. गार असताना धरायची, तापली की सोडायची. वेसण बैलापर्यंत पोचतच नव्हती. दोन वर्षांपूर्वी स्टुलावर बसलेल्या माणसाचे डोळे उघडे असते, तर सुईच्या टोकाचं काम होतं.

"हात बराबर होता," ते स्वतःशीच म्हणाले. दोनदा म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी परत बसलो. पूर्ण तास. लाली आली नाही, आणि मी तसं सांगितलं. चाचीने बाटली आणून दिली. चाचांनी स्क्रूवर थेंब सोडला, बाटलीचं बूच लावलं, आणि इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"कुटला रंग लागला रे?"

"लाल," मी म्हणालो.

चाचांनी वाकून त्या थेंबाकडे बघितलं. त्यांना काय दिसलं असेल कोण जाणे.

"तू म्हनतोस मंजे असंल," ते म्हणाले, आणि अँपचं झाकण माझ्याकडे सरकवलं.